सहावा दोर

कुवेतात काय करतोस असं कुणी विचारलं, की इद्रीस छाती काढून सांगायचा, "उंदीर अडवतो!" हसा खुशाल. मीना अल-अहमदीच्या धक्क्याला बोट लागली, की तिच्या प्रत्येक दोरात पत्र्याची गोल चकती अडकवायची, म्हणजे उंदराला दोरावरून बोटीत चढता येत नाही. सहा दोर, सहा चकत्या.

अठ्ठावन्न साली रॉकेलची पिंपं न्यायला एक छोटी बोट आली. तिच्यावरचा आचारी झहूर, इद्रीससारखाच दाभोळचा. त्यांची बोट लांबच्या एका बेटावर जायची. तिथल्या जंगलात एक तपकिरी पाखरू होतं, जगात दुसरीकडे कुठेच नाही. हाताला लागेल अशा ढोलीत अंडी घालायचं. झहूर पाणी भरायला गेला, की खुशाल खांद्यावर येऊन बसायचं.

"निम्मं जंगल तोडलं रे लाकडासाठी," झहूर म्हणाला. "साठेक पाखरं उरलीत. बेटावर उंदीर नाही म्हणून तगलीत. तुझे दोर सांभाळ, बाबा."

"एक जरी चढला तर बापाचं नाव लावणार नाही, झहूरभाय!"

दुसऱ्या दिवशी ईद होती आणि खोलीतला तवा नेमका तडकलेला. गाववाला पाहुणा, त्याला काय बाजारचा खुबूस पाव घालायचा? छे! इद्रीसने सहाव्या दोरासाठी आलेली नवी चकती धक्क्यावरून उचलली. तिला अजून भोक पाडायचं होतं. वाळूने घासून स्टोव्हवर ठेवली आणि तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या. टम्म फुगल्या. झहूरने सुक्या बांगड्याबरोबर चार हाणल्या आणि डोळे पुसले. आईची आठवण आली म्हणाला.

सहावा दोर तसाच राहिला. सकाळी तर बोट सुटणार, एवढ्यात काय होतंय, असं इद्रीसला वाटलं.

दोन वर्षांनी बोट परत आली. झहूर पार वाळला होता. इद्रीसने हौसेने तोच चकतीचा तवा स्टोव्हवर चढवला आणि पाखराची खबर विचारली.

"कसलं पाखरू! उंदीर शिरले बेटावर. अंडी खाल्ली, पिल्लं खाल्ली. मग शहाण्यांनी उंदरांवर मांजरं सोडली, त्यांनी मोठी पाखरं संपवली. गेल्या खेपेला एकच दिसलं. हाक द्यायचं, मान वाकडी करून जबाबाची वाट बघायचं, पुन्हा हाक द्यायचं. ऐकवेना रे. आमच्याशिवाय तिथे दुसरी बोट जात नाही. कप्तान म्हणाला, उंदीर कुवेतातच चढले. मी भांडलो त्याच्याशी! म्हटलं, तिथे आमचा इद्रीस आहे."

तव्यावरची भाकरी करपायला लागली. इद्रीसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं? पण त्याला राहवेना. त्याने स्टोव्ह बंद केला.

"झहूरभाय, सहाव्या दोराची चकती हीच. त्या ईदला तुमच्यासाठी आणली. दोर मोकळाच राहिला."

झहूरने करपलेली भाकरी तव्यावरून उतरवली. इद्रीस शिव्यांची वाट बघत होता. निदान एक तरी द्यायची होती त्याने.

"चार भाकऱ्या खाल्ल्या होत्या मी," झहूर म्हणाला. "पाचवी मागितली होती."