जोडीतली निरोगी

डॉक्टरीणबाईंनी सकाळपासून धाकटीची चार वेळा विचारपूस केली. थोरलीकडे फक्त सही मागितली.

थोरलीला हे नवीन नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी धाकटीला कुणी नसताना आवाज ऐकू येऊ लागले, डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया म्हणून सांगितलं, आणि त्या दिवसापासून आई तिची झाली. थोरली वर्गात पहिली आली, तिचं लग्न झालं, बाळंतपणं झाली, आईचं पालुपद एकच, "तू काय बाई, शहाणी. तुझं तू बघशील." जाताना आईचा शेवटचा शब्दही धाकटीच्या गोळ्यांबद्दलच होता.

आता चाळीस वर्षांनी या मेंदूच्या अभ्यासातही तेच. आजारी बहिणीच्या मेंदूचे फोटो, आणि ताडून बघायला निरोगी बहिणीचे. एकीचे हलल्यामुळे बिघडले तर जोडीच बाद. धाकटी आठवडाभर घरी न हलता पडून राहायचा सराव करत होती. तिचे फोटो एका फटक्यात झाले.

"वा मावशी! पुतळासुद्धा तुमच्याहून जास्त हलेल," मशीनवाला म्हणाला.

धाकटी फुलून गेली. "ताई, जोडी जमली की वर्षातून दोनदा बोलावणार मला! हे लोक किती छान बोलतात गं."

मग थोरली मशीनच्या नळकांड्यात शिरली. डोक्याभोवती पिंजरा, कानात बोळे, वर कर्कश ठोकाठोक. पुन्हा हिचेच लाड, आणि तेही माझ्या डोक्याच्या जिवावर! तिने हनुवटी डावीकडे वळवली. चांगली सावकाश.

ठोकाठोक थांबली. "मावशी, हललात," स्पीकरमधून मशीनवाला म्हणाला. "आता एकदाच घेता येईल. नाही जमलं तर राहिलं."

त्याच्या मागून धाकटीचा आवाज आला. "अहो, रागावू नका तिला. ताई बंद जागेला फार घाबरते, अगदी लहानपणापासून. मी आत बसू का तिच्याजवळ?"

थोरली चाट पडली. उभ्या जन्मात ती बंद जागेला घाबरली नव्हती. अडगळीच्या खोलीत मांजर शोधायला शिरायची ती, आणि दाराबाहेर भोकाड पसरायची ती धाकटी.

थोरली पडली होती ती फळी बाहेर सरकली. धाकटीने वाकून तिच्या कानातला बोळा जरा ओढला.

"मुद्दाम हललीस ना?"

थोरलीने डोळे मिटून घेतले.

"असू दे. आईने तुला कधी घाबरूच दिलं नाही," धाकटी म्हणाली. बोळा तिने परत बसवला आणि पायाशी स्टूल ओढून थोरलीचं पाऊल दोन्ही हातांत धरलं.

फळी आत गेली. "मावशी, भीती गेली असेल तर यांना बाहेर बोलावू का?" स्पीकरने विचारलं.

"मुळीच नाही," थोरली म्हणाली. "फार भीती वाटतेय मला. बसू दे तिला. आणि पाय सोडू नकोस गं, सांगून ठेवते."

ठोकाठोक सुरू झाली. थोरली हलली नाही.