हंड्याची गाठ, बैलाची गाठ

मी एक जुना दोर आहे आणि मला स्वस्थ बसवत नाही. मित्रांनो, यात माझा दोष नाही. माझ्या अंगात पीळच तसा भरलेला आहे. खुंटीवर नीट गुंडाळून ठेवलं तरी माझं एखादं वेटोळं सरकतं, एखादं टोक खाली लोंबतं, आणि येणाजाणाऱ्याच्या डोक्याला लागून मी शिव्या खातो. खाल्ल्या तर खाल्ल्या! पण एक गोष्ट कधीची माझ्या मनात घोळते आहे. ती सांगून टाकल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म घोटीजवळच्या एका गावात झाला. सहादूबाबाने बांधावरचं घायपात कापलं, ओढ्यात कुजवलं, दगडावर धोपटून धुतलं आणि त्याच्या तंतूंचा पांढराशुभ्र वाख वाळवला. मग फिरकीला लावून त्याला पीळ दिला. तीन पेड वळून एकमेकांत गुंफले आणि साठ हात लांबीचा मी तयार झालो. फार दुखलं, पण त्याशिवाय दोर होता येत नाही. सहादूबाबा जरा खट होता. मला खंडेरावाच्या हवाली करताना तो म्हणाला, की भिजला तर सावलीत वाळव, आणि कुजला तर माझ्याकडे रडत येऊ नकोस.

खंडेरावाचं घर त्याच गावातलं. भाताचं थोडं शेत, दोन बैल, एक दगडी विहीर. त्या घरात कामांची वाटणी आपोआप झालेली होती. जनावरं खंडेरावाची आणि पाणी त्याच्या बायकोचं, साळूबाईचं. तिने कधी बैल बांधला नाही, त्याने कधी हंडा शेंदला नाही. मी मात्र दोघांचा. सकाळी विहिरीवर, दुपारी बैलांपाशी आणि संध्याकाळी भाताच्या भाऱ्यांवर. उसंत अशी नाहीच, आणि मला ती नकोही होती.

खरं सांगू का, दोराला स्वतःचं काही नसतं. जी गाठ मारली जाते तेच त्याचं रूप. भाऱ्याला सुरगाठ मारली की मी गरीब गाय. टोक ओढलं की झालो मोकळा. कायमचं काही बांधायचं तर निरगाठ. ती सोडवताना खंडेरावाचे दातसुद्धा कामाला लागत. खुंट्यावर दोन फेर एकमेकांना छेदून टाकले की कितीही हिसका बसला तरी मी जागचा हलत नसे. आणि मारलेल्या गाठीचं टोक शिल्लक राहिलं की खंडेराव त्याला उगीच एक वेढा घालून ठेवी. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पण या गोष्टीत कामाच्या गाठी दोनच. साळूबाईची हंड्याची गाठ म्हणजे सरकता फास. हंड्याच्या गळ्यात टाकायचा, आणि हंडा जितका भरेल तितका तो घट्ट होत जायचा. म्हणून तर भरला हंडा कधी विहिरीत पडला नाही. खंडेरावाची बैलाच्या गळ्याची गाठ नेमकी उलटी. बैलाने कितीही ओढलं तरी तिचा फेर तेवढाच राहतो, तसूभर आवळत नाही. आवळला तर मुकं जनावर गुदमरून मरेल. हंड्याला श्वास घ्यायचा नसतो, बैलाला घ्यायचा असतो. एवढाच काय तो फरक, पण तो त्या घरात एकट्या खंडेरावाला माहीत होता.

पुढे दिवस बदलले. बैल विकले गेले. खंडेरावाचा मुलगा संतोष याने पिकअप घेतली आणि घोटीचा तांदूळ नाशिक रोडच्या दुकानांत पोचवू लागला. गाडीबरोबर निळाशार नायलॉनचा दोर आला. तो भिजत नाही, कुजत नाही, दिसायलाही देखणा. विहिरीला मोटर बसली तसं साळूबाईचंही माझ्याशी काम संपलं. मी खुंटीवर गेलो. दोन वर्षं कुणी हात लावला नाही. अंगातला पीळ जागच्या जागी वळवळायचा. उंदरांनी एक टोक कुरतडलं, तेवढीच काय ती माझी विचारपूस.

गेल्या दिवाळीनंतर खंडेरावाला लकवा झाला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. जीभ टाळ्याला लावून बैलाला थांबवण्याचा तो 'च्च' आवाज तेवढा त्याच्याकडे उरला. घरातल्यांनी त्याचं सगळं केलं, त्यात कसर नाही. संतोषची बायको सुवर्णा त्याला वेळेवर भरवायची, साळूबाई अंग पुसायची. पण त्याला काही विचारणं मात्र बंद झालं. बोलता येत नाही म्हणजे कळतही नसेल, असं सगळे धरून चालले. त्याची बाज माझ्या खुंटीखालीच होती. तो माझ्याकडे बघत पडून असायचा. मला फार वाईट वाटायचं.

मग या वैशाखातली ती दुपार आली. दोन दिवस मोटर नुसती घरघरत होती, पाणी चढत नव्हतं. पाइपाच्या तोंडाशी काहीतरी अडकलं होतं. इकडे शेतात लावलेली भेंडी माना टाकायला लागली होती. शेताची लाइट दोनला यायची आणि सहाला जायची. ती यायच्या आत पाइप मोकळा झाला नाही तर आणखी एक दिवस गेला. संतोषला संध्याकाळी माल पोचवायचा होता, तो आधीच तापलेला. नायलॉनचा दोर गाडीवरच्या मालाला आवळलेला, तो कोण सोडणार? म्हणून खुंटीवरून मला खाली काढलं. आनंदाने माझं वेटोळं न् वेटोळं सुटलं.

विहिरीशेजारच्या जांभळीला माझे दोन वेढे घेतले. असे वेढे असले की दोन बायकाही एक माणूस सहज पेलतात. खंडेरावाची बाज सावलीसाठी त्याच जांभळीखाली आणून ठेवली होती. संतोष पाइपाला धरून उतरणार होता आणि मी त्याच्या अंगाला बांधलेलो राहणार होतो. पाय निसटला तर सगळा भार माझ्यावर येणार होता.

"आई, लवकर बांध. दोनला लाइट येईल," तो म्हणाला.

साळूबाईने मला त्याच्या काखेखालून फिरवलं आणि गाठ मारली. हात झरझर चालले. तीस वर्षं जी मारली तीच गाठ. सरकता फास. "काळजी नको करू," ती म्हणाली, "या हातांनी भरलेला एकबी हंडा पडला नाय."

मित्रांनो, माझ्या अंगावर काटा आला. तीस हात खोल विहीर. पोराचा पाय सुटला तर मी त्याला पडू देणार नव्हतो, पण छातीवर आवळून आवळून त्याचा श्वास कोंडणार होतो. आणि वर धरणाऱ्या दोघी जितकं ओढतील तितकं जास्त. ओरडावं तर मला तोंड नाही. सुटून जावं तर ती गाठ माझ्या हातची नाही.

तेवढ्यात बाजेवरून आवाज आला. "अं... अं..." खंडेराव डावा हात उचलून संतोषच्या छातीकडे बोट दाखवत होता. सुवर्णाने धावत जाऊन पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. त्याने तो ढकलला, पाणी सदऱ्यावर सांडलं. साळूबाईने उशी सरळ केली. त्याने ती फेकली. संतोष वैतागून म्हणाला, की आण्णांना ऊन लागतंय, घरात नेऊन निजवा. आणि त्याने एक पाय विहिरीच्या कठड्यावर टाकला.

खंडेरावाने मग काय करावं? माझा जो भाग बाजेजवळून जात होता तो त्याने डाव्या मुठीत पकडला आणि बैलाला मागे खेचावं तसा सगळ्या अंगाचा भार टाकून हिसडा दिला. स्वतः बाजेवरून खाली पडला, पण मूठ सोडली नाही. मी आवळलो. मला आवळावंच लागलं. संतोष कठड्यावरून मागे, विहिरीच्या बाहेर जमिनीवर आपटला. दोन्ही हातांनी छातीवरचा फेर धरून तो तोंडाने हवा शोधू लागला, पण त्याला बोलताही येईना.

"आण्णाचं डोकं फिरलं," असं सुवर्णा म्हणाली आणि सासऱ्याची मूठ सोडवायला धावली. साळूबाई मुलाकडे धावली. तिने फेराखाली बोट घालून पाहिलं. बोट शिरेना. ओढून ओढून तिने मला सैल केलं तेव्हा संतोषच्या छातीवर लाल वळ उठला होता. ती त्या वळाकडे बघत राहिली. मग माझ्या गाठीकडे. मग धुळीत पडलेल्या नवऱ्याकडे.

"तुमी हेच सांगत व्हता?" ती म्हणाली. "अन् मी उशी सारखी करीत बसले."

दोघींनी त्याला उचलून बाजेवर बसवलं. साळूबाई माझं टोक घेऊन त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, दाखवा. पण त्याचा उजवा हात मेलेला, आणि एका डाव्या हाताने ती गाठ व्हायची नाही. तेव्हा तिने आपला उजवा हात पुढे केला. त्याच्या डाव्या हाताने एक छोटा फेर धरला. तिच्या उजव्या हाताने टोक त्या फेरातून वर काढलं, दोराच्या मागून वळवलं. ती चुकीच्या बाजूने आली तेव्हा तो 'च्च' म्हणाला. ती थांबली, टोक मागे घेतलं, दुसऱ्या बाजूने आली आणि पुन्हा त्याच फेरातून खाली उतरली. दोन माणसांच्या एकेका हाताने ती गाठ बसली. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्यावर इतक्या जपून कुणी गाठ मारली नव्हती.

मग तीच गाठ त्यांनी संतोषच्या काखेखाली मारली. तो उतरला, आणि व्हायचं तेच झालं. वीस हातांवर शेवाळलेल्या पाइपावरून पाय निसटला आणि त्याचा सगळा भार माझ्यावर आला. माझे तिन्ही पेड करकरले. वर दोघींचे हात सोलले, पण जांभळीच्या वेढ्यांनी धरून ठेवलं. फेर मात्र होता तेवढाच राहिला. खालून काही आवाज येईना, तेव्हा साळूबाईने डोळेच मिटले.

"आण्णाला सांगा," खालून आवाज आला, "गाठ हाय तशी हाय."

पाइपाच्या तोंडात खताची एक फाटकी पिशवी अडकली होती. ती घेऊन संतोष वर आला. गाठ सोडायला खंडेरावाला कुणाची मदत लागली नाही. ती भार उतरला की अंगठ्याने ढकलली तरी सुटते. संतोष बापासमोर छाती चोळत उकिडवा बसला होता. त्याला शरम वाटत होती. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता गाडीवर मीही जातो. रोज सकाळी माल आवळून झाला की संतोष माझं टोक लांबवून बाजेपर्यंत आणतो आणि बापाच्या डाव्या मुठीत देतो. खंडेराव दोनदा ओढून बघतो. मान हलली की गाडी निघते. परवा मान हलली नाही, तर संतोषने कुरकुरत सगळं सोडलं आणि पुन्हा बांधलं. अर्धा तास गेला. साळूबाई रोज दुपारी नवऱ्याशेजारी बसून एकेक गाठ शिकते आहे. कितीतरी गाठी आहेत त्याच्याकडे, आणि मला धास्ती वाटते की दिवस पुरतील की नाही. म्हणून माझा पीळ अजून शांत होत नाही.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. दोर काय, आज आहे, उद्या तुटेल. पण तुमच्याही घरात कुणीतरी अंथरुणावरून बोट दाखवत असेल. त्याच्या तोंडाला तांब्या लावण्याआधी, ते बोट कुठे चाललं आहे तेवढं वळून बघा.