मेंबरीणबाईंचा नवरा

घिवलीकडच्या प्रतापला निवडणुकीचा नाद लागला तो ग्रामपंचायतीपासून. पहिल्यांदा तो बिनविरोध निवडून आला, कारण त्याच्या वॉर्डात दुसऱ्या कुणाला हौस नव्हती. त्या जोरावर तो पंचायत समितीला उभा राहिला आणि सपाटून पडला. मग जिल्हा परिषदेची तयारी केली, तर गट महिलांसाठी राखीव झाला. तेव्हा त्याने बायकोला, सुलूला, उभं केलं. बॅनरवर तिचा फोटो पासपोर्टएवढा आणि याचा दारभर होता.

सुलू निवडून आली. प्रतापला वाटलं, सही ती करील आणि कारभार आपण करू. सुरुवातीला तसं चाललंही. पण सुलूला कामाची गोडी लागली. ती बोईसरच्या बाजूच्या कामगार चाळींत पाण्यासाठी फिरली, मुरब्याच्या बायकांना मासळी सुकवायला ओटे बांधून दिले, आणि पालघरच्या सभेत प्रतापने लिहून दिलेलं भाषण पर्समध्येच ठेवून स्वतःचं बोलू लागली. प्रताप मनोरच्या बाजारात गेला तरी लोक ओळख करून देत, हे मेंबरीणबाईंचे मिस्टर. तो हसायचा. मला विचाराल तर आतून त्याचा जळफळाट व्हायचा, आणि तो कुणापासून लपतही नव्हता.

पुढच्या खेपेला गट खुला झाला. पक्षाला सुलूच हवी होती. प्रतापने हातापाया पडून तिकीट स्वतःकडे घेतलं. एकदा तरी आपल्या नावावर निवडून यायचं, एवढंच त्याचं मागणं होतं. बायकोच्या जिवावर जिंकला असं कुणी म्हणू नये म्हणून त्याने सुलूला सांगितलं, प्रचाराला येऊ नकोस. ती बरं म्हणाली.

मतदान नेमकं पौर्णिमेच्या आसपास आलं. उधाणात पाण्याला ओढ असते, जाळी भरतात, तेव्हा मुरब्याच्या होड्या किनाऱ्यावर थांबत नाहीत. मागच्या निवडणुकीतही उधाणच होतं. पण तेव्हा सुलू घरोघर कुंकू लावून आवतण देऊन आली होती आणि बायकांनी नवऱ्यांना दिवसभर थांबवून धरलं होतं. तिकडे लग्नाचंही तसंच. पुरुषाने दिलेली पत्रिका पुरुषांपुरती. घरची बाई बोलवायला आली नाही तर बायका मांडवात पाऊल टाकत नाहीत. हे प्रतापला काय ठाऊक नव्हतं? पण निवडणूक म्हणजे भोंगा असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. त्याने मुरब्यात रिक्षा फिरवल्या आणि पत्रकं वाटली, आणि गावाने मत द्यायचा शब्दही दिला.

मतदानाच्या दिवशी पुरुष समुद्रात होते आणि बायका आपापल्या कामाला. केंद्र ओस पडलं. प्रताप थोडक्या मतांनी पडला.

निकाल लागल्यावर तो तणतणत मुरब्याला गेला. तिथल्या बायकांत गोदूबाईचा शब्द चालतो. सगळ्या गावाने शब्द दिला होता त्याचं काय झालं, असं त्याने तिला विचारलं.

"शब्द दिलता ना," गोदूबाई म्हणाली. "पन बाय आवतण द्यायला नाय आली. आमाला वाटलं तुमी उभं ऱ्हावं ह्ये तिच्याच मनात नाय. आदल्या सांजेपरत वाट बगितली आमी."

घरी येऊन त्याने सुलूला ते सांगितलं, थोडं तिच्यावरच ढकलून. ती रागावली नाही.

"आदल्या दिवशी मी कुंकवाचा करंडा घेऊन ओटीवर बसली होती," ती म्हणाली. "तुमी एक हाक मारली असती तर आली असती."

प्रतापला ती तशी बसलेली आठवली. तिच्या समोरूनच तो गाडीत चढला होता.