माझ्या अंगावर जन्मलेला ‘लव्हपॅट’

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. सुताराने मला घाईघाईत बनवले, म्हणून माझा डावा पाय आखूड राहिला. परदेशातून आलेल्या मोठ्या माणसांना इथली भाषा शिकवायच्या वर्गात माझे आयुष्य गेले.

आमच्या बाईंची एक पद्धत होती. पहिल्या दिवशी त्या माझ्यावर तीन रकाने आखत : नोकरी, शिक्षण, इतर. ज्याने त्याने इथे येण्याच्या कारणाखाली नाव लिहायचे आणि त्याप्रमाणे बसायचे. नोकरीवाल्या एक्सपॅट मंडळींना खिडकीजवळच्या खुर्च्या. ‘इतर’ला दारापाशी डुगडुगता बाक.

एका वर्षी त्या बाकावर एकटा घड्याळजी बसला. त्याची बायको इथली, दातांची डॉक्टर. तिच्यासाठी चालते दुकान बंद करून तो आला होता. सासूबाई रोज विचारत, “जावईबापू, सध्या काय करता?” उत्तर देता येत नसल्याने बिचारा नुसता हसे. त्यांना वाटे, जावई भलताच सुखात आहे!

एके दिवशी त्याने ‘इतर’खालचे आपले नाव पुसून टाकले आणि मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला, “बाई, मी परत जातो. इथे मी कुणीच नाही.”

“अहो, पण तुम्ही आलात कशासाठी?”

“बायकोसाठी.”

“मग तसं लिहायचं ना!”

“कुठे लिहू? रकाना कुठे आहे?”

बाई ओशाळल्या. मी मुळातच काळा, म्हणून माझी लाज दिसली नाही. बाईंनी चौथा रकाना आखला आणि वर लिहिले, ‘लव्हपॅट’. नोकरीसाठी येतो तो एक्सपॅट, प्रेमासाठी येतो तो हा. हा शब्द आणखी कुठे जन्मला असेल तर मला ठाऊक नाही. माझ्यापुरता तो तेव्हा जन्मला.

वर्ग हसला. मग पूल बांधणारा रुबाबदार इंजिनिअर उठला आणि त्याने आपले नाव नव्या रकान्यात हलवले. “नोकरी नंतर शोधली,” तो पुटपुटला, “कंपनीला सांगू नका.” त्याच्यामागे आणखी चौघे उठले. खिडकीजवळ जागाच जागा झाली.

घड्याळजी मात्र खडू हातात घेऊन उभाच राहिला. तेवढ्यात त्याला न्यायला आलेली डॉक्टरीण दारातून म्हणाली, “बाई, मलाही शिकायचंय. याची भाषा.” तिने माझ्यावर त्याच्या लिपीत त्याचे नाव लिहिले. चार अक्षरांत तीन चुका! तो रडत रडत हसला, आणि राहिला.

आता मी अडगळीत आहे. पाय दुरुस्त केलात तर उपकार होतील. पण त्याआधी, मित्रांनो, कुणी तुमच्यासाठी आपला देश सोडून आले असेल, तर त्याच्या भाषेतले दोन शब्द शिका. चुकले तरी चालतील.