मला लॅमिनेट केले त्याची गोष्ट

मित्रांनो, मी एक दुर्मीळ कार्ड आहे. पत्त्यांच्या कॅटमधले नव्हे, हौशी लोक जमवतात तसले. थोडी घमेंड आहे मला, आणि का नसावी? कार्डांच्या एका खेळाच्या चाहत्यांसाठी चित्रस्पर्धा झाली. अंबरनाथच्या स्वप्नालीने त्या खेळातला जलराक्षस बारवी धरणाच्या पाण्यात उभा केला आणि ती पहिली आली. तेच चित्र माझ्या अंगावर आहे. माझ्यासारखी पन्नासच कार्डे छापली. तिला एक मिळाले.

कुळगावचा संतोष अशी कार्डे जमवतो. रविवारी माझ्या बदल्यात तो तिला चित्रे काढायचा टॅब्लेट देणार होता. काच तडकलेल्या मोबाइलवर बोटाने चित्रे काढणारी स्वप्नाली रविवाराकडे डोळे लावून बसली होती. "जसं आहे तसंच पाहिजे हां. तोपर्यंत प्लास्टिकमध्ये घालून ठेव," संतोष म्हणाला होता. क्लासला निघताना तिने पप्पांना "कार्ड प्लास्टिकमध्ये घालून ठेवा" एवढेच सांगितले.

पप्पा एमआयडीसीतली पहिली पाळी करून आले होते. त्यांच्या घरी प्लास्टिक म्हणजे लॅमिनेशन. जातीचा दाखला, मार्कशीट, आजीचे आधार कार्ड, सगळे तसेच जपलेले. त्यांनी मला खिशात घातले आणि थेट उल्हासनगर कॅम्प एकमधले ओळखीचे दुकान गाठले.

"मशीन गरम होने दो, भाई," दुकानदार म्हणाला.

माझा जीव टांगणीला लागला. मशीनचा लाल दिवा हिरवा झाला. तेवढ्यात पप्पांचा फोन वाजला. स्वप्नालीचा होता. उचला हो, उचला, असे मी मनात म्हणत होतो. पप्पांनी फोन कापला.

"पोरीला सरप्राइज द्यायचंय," ते हसून म्हणाले.

गरम रुळांनी मला आत ओढून घेतले.

घरी त्यांनी मला तिच्या हातात ठेवले. "आता पाणी सांडलं तरी टेन्शन नाही." मला वाटले, ही आता रडेल. ती मला घेऊन गॅलरीत गेली आणि तिने संतोषला फोन लावला.

"लॅमिनेट केलंस? नुसत्या पाकिटात ठेवायचं होतं. आता ते मूळ राहिलं नाही, मग नको गं," तो म्हणाला.

तिने फोन ठेवला. मग आत येऊन म्हणाली, "पप्पा, मी हे कुणाला देत नाही. माझ्याकडेच राहू दे."

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू जरूर जपा, पण आधी जिची आहे तिला विचारा. मी आता वर्षानुवर्षे टिकेन आणि त्याचेच मला वाईट वाटते. "पोरीनं जीव लावलाय, कुणाला देतच नाही," असे पप्पा प्रत्येक पाहुण्याला कौतुकाने सांगतात, आणि स्वप्नाली चहा ठेवायला आत जाते.