बनुबाईचा आकडा

न्यूट्रॉन नावाचा कण अणूबाहेर सुटा पडला की पंधराएक मिनिटांत मरतो. नेमका किती सेकंदांत, यावरून शास्त्रज्ञांत दोन तट. तिसगावची संस्कृती परदेशात हेच मोजत होती. न्यूट्रॉन इतके थंड नि मंद करायचे की बाटलीत कोंडता यावेत, मग थांबायचं आणि उरले किती ते मोजायचं. बाटलीवाल्यांचं उत्तर कायम कमी भरे. न्यूट्रॉनचा झोत सोडून मोजणारे विरोधक म्हणत, तुमची बाटलीच गळते. संस्कृतीची बाटली चुंबकाची, न गळणारी. तिचं उत्तर विरोधकांशी जुळलं तर भांडण मिटणार होतं आणि तिची नोकरी पक्की होणार होती. नाहीतर बॅग भरायची.

माणूस आपल्याला हवं तेच मोजतो, म्हणून उत्तरातून काही सेकंद आधीच वजा करून ठेवायचे, ते किती हे बाहेरच्या कुणालातरीच ठाऊक असायचं, आणि शेवटी ते मिळवून खरं उत्तर काढायचं. संस्कृतीने आईचं नाव सुचवलं. अर्ध्या गावाची गुपितं बनुबाईच्या पोटात होती, एकही कधी ओठावर आलं नव्हतं. मागच्या सुट्टीत लेकीला पाठ फिरवायला लावून बनुबाईने संगणकात आकडा दाबला. संगणकाने तेवढे सेकंद वजा केले, पण आकड्याची नोंद मुद्दाम कुठेच ठेवली नाही.

आकडा उघडायचा त्या आठवड्यात संस्कृती घरीच होती. भाकरी खाता खाता बोलून गेली, "आई, तुझा आकडा बारा निघाला ना, तर जिंकले बघ मी."

"मंग तिकडंच ऱ्हाशील?"

"हो."

बनुबाईने भाकरी उलटली.

ठरल्या दिवशी मोबाईलच्या पडद्यावर परदेशातले सगळे साहेब जमले. बनुबाई पदर सावरून बसली आणि म्हणाली, "बारा."

संस्कृतीने ते इंग्रजीत सांगितलं. तिकडे टाळ्यांचा कडकडाट झाला. हिला मात्र भाकरी खाताना आपणच बोललेलं आठवलं. तिने मोबाईलचा आवाज बंद केला.

"आई, खरंच बारा दाबले होतेस?"

"तुला बाराच पायजे हुतं ना?"

अगं आई! संस्कृतीला रडू आलं आणि आईचा भयंकर रागही आला. तिने आवाज सुरू केला आणि साहेबांना सांगून टाकलं की हा आकडा धरू नका, सगळं पुन्हा मोजावं लागेल.

बनुबाईला इंग्रजी कळत नव्हतं, पण टाळ्या थांबलेल्या तिला दिसल्या. ती घाबरून म्हणाली, "खरा सहा हाय गं. सांग की त्यास्नी!"

संस्कृतीने तो सांगितला नाही. पडताळायला नोंद कुठेच नव्हती, आता खराही चालणार नव्हता.