खर्जाची जागा

"जगात जे काही उभं आहे, ते खर्जावर उभं आहे," ऑरेस्ट ह्रिन्किव म्हणाला. "वरचे सूर काय, नुसती रंगरंगोटी. घर धरून ठेवतो तो खालचा सूर."

हे तो स्पीकरच्या पेटीमागे गुडघ्यांवर बसून, बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप दातांत धरून म्हणाला. त्यामुळे ब्रेनाच्या कानांपर्यंत त्यातलं निम्मंच पोचलं.

"रुंदी सतरा इंच," ब्रेना म्हणाली. वाद्यांच्या त्या दुकानात ती नऊ वर्षं कामाला होती. "तुम्ही तिसऱ्यांदा मोजताय. वाढायची नाही ती."

"आणि मागे किती जाते?"

"मिस्टर ह्रिन्किव, लोक इथे येतात, वाजवून बघतात, आवाज कसा येतो ते विचारतात."

"आवाजाचं नंतर बघू. आधी मावायला पाहिजे."

ऑरेस्ट एकसष्ट वर्षांचा होता. आठवडाभर तो शाळेच्या बसगाड्यांचे ब्रेक दुरुस्त करायचा आणि शनिवारी दुपारी कॅनडातल्या थंडर बेच्या धान्य-कामगारांच्या क्लबात बास गिटार वाजवायचा. चार जाड तारा, सत्तावीस वर्षं. ब्रेक आणि बास या दोहोंत त्याला एक साम्य दिसायचं: असतात तोवर कुणाचं लक्ष नसतं, नसले की लगेच कळतं. या विचाराने त्याला चांगली झोप लागायची.

दोन आठवड्यांपूर्वी ती झोप मोडली. क्लबची सेक्रेटरी नोरीन हातात वही घेऊन आली आणि म्हणाली, हॉलमध्ये व्हीलचेअरसाठी उतार बांधायचाय, स्टेज चार फूट कापावं लागेल. "तिघं मावाल. कोण तिघं ते तुम्ही ठरवा. दोन आठवड्यांनंतरच्या सोमवारी सुतार येणार, त्याआधीच्या शनिवारी नावं द्या."

बँडमध्ये चौघं होते. डेल गायचा आणि गिटार वाजवायचा, शिवाय बँड त्याच्या नावाचा होता. टॉइव्होचे ड्रम. सिल्व्हिओ अकॉर्डियन वाजवायचा, आणि अकॉर्डियनला डाव्या हाताखाली खर्जाची बटणं असतात, ही गोष्ट ऑरेस्टला सत्तावीस वर्षं माहीत होती, पण तिचा असा त्रास कधी झाला नव्हता. नोरीन गेल्यावर कुणीही ऑरेस्टकडे बघितलं नाही. चौघांतले तिघं जेव्हा एकाकडे बघायचं टाळतात, तेव्हा समजायचं ते समजतंच.

घरी जाऊन त्याने कागदावर स्टेज काढलं. त्याची स्वतःची स्पीकरची पेटी फ्रिजएवढी होती. ती हलवली, तर तिच्या जागी एक सडपातळ माणूस उभा राहू शकत होता. ऑरेस्ट सडपातळ नव्हता, पण कागदावर त्याने स्वतःला तसं काढलं.

म्हणून तो शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून इथे आला होता.

"हा घ्या," ब्रेनाने बोट दाखवलं. पावाच्या डब्याएवढा अ‍ॅम्प, म्हणजे आवाज वाढवणारं यंत्र, आणि त्याच्याखाली ती सतरा इंची पेटी. "एका हाताने उचलता येतो. फक्त एक लक्षात ठेवा. याचा आवाज पुढे जातो. तुम्ही शेजारी उभे असाल तर तुम्हाला कमी ऐकू येईल. घाबरून आवाज वाढवत बसू नका."

"म्हणजे मला ऐकू आलं नाही तरी येत असेल?"

"येत असेल. विश्वास ठेवायचा."

विश्वास ठेवायचा, हे ऑरेस्टने टेपच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून घेतलं. बरोबर त्याने एक छोटा ट्यूनरही घेतला. हा जमिनीवर ठेवायचा. पायाने दाबला की तार जुळलीय की नाही ते दिवा दाखवतो, आणि तोवर बाहेर आवाज जात नाही, म्हणजे तारा पिळण्याचं कुईकुई लोकांना ऐकावं लागत नाही. पुन्हा दाबला की आवाज सुरू. जुना ट्यूनर हातात धरावा लागायचा आणि धरायला खुर्ची लागायची. खुर्ची म्हणजे आणखी दोन फूट.

शनिवारी दुपारी एक वाजता हॉल भरला. शनिवारी तिथे मांसाची सोडत असते. तिकिटं घ्यायची, नंबर लागला तर डुकराच्या चॉप्सचा किंवा सॉसेजचा ट्रे घरी न्यायचा. बँड असतो तो दोन सोडतींच्या मधल्या वेळात लोक उठून जाऊ नयेत म्हणून. ऑरेस्टने आपलं सामान स्टेजच्या अगदी कडेला मांडलं आणि दोन पावलं मागे येऊन ते किती कमी जागा खातंय ते बघितलं.

"बाकीचं सामान गाडीत राहिलं काय रे?" डेलने विचारलं.

"हेच. एवढंच."

"हं," डेल म्हणाला. त्या एका 'हं'चा अर्थ लावण्यात ऑरेस्टची पहिली दोन गाणी गेली.

एरवी तो डोळे मिटून वाजवायचा. आज पायाशी नवा ट्यूनर होता. सूर लागला की हिरवा दिवा लागायचा. प्रत्येक सुराला लागत होता. ऑरेस्टने आयुष्यात इतकं अचूक कधी वाजवलं नव्हतं, आणि वाजवलं असलं तरी आजवर तसं कुणी सांगितलं नव्हतं. स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नव्हता. डेलच्या अ‍ॅम्पकडचा कान त्याने बोळा घालून बंद केला होता, आणि दुसऱ्या कानावर टॉइव्होची झांज होती. मधून मधून हात अ‍ॅम्पच्या बटणाकडे जायचा. विश्वास ठेवायचा, असं मनात म्हणून तो हात मागे घ्यायचा. सहा गाणी त्याने अशी श्रद्धेने वाजवली.

मध्यंतरात नोरीन माइकवर नंबर पुकारू लागली. डेल घाम पुसत ऑरेस्टजवळ आला.

"आज मस्त वाटतंय. साफ. नेहमी जरा गढूळ व्हायचं, आज नाही. नवीन डबा चांगलाय तुझा."

ऑरेस्टच्या छातीवरून दोन आठवड्यांचा धोंडा उतरला. तारा जुळवून घ्याव्यात म्हणून त्याने ट्यूनरवर पाय दाबला आणि दिवा विझला. लागायला पाहिजे होता, तो विझला.

त्याने वाकून त्या डबीकडे बघितलं. गाणी सुरू व्हायच्या आधी तारा जुळवताना त्याने ती एकदा दाबली होती. दुसऱ्यांदा दाबलीच नव्हती. सहाच्या सहा गाणी हिरव्या दिव्याने त्याचं कौतुक केलं होतं आणि हॉलमध्ये त्यातला एक सूरही गेला नव्हता.

आणि डेल म्हणाला होता, साफ.

दुसरा भाग त्याने कसा वाजवला ते त्याला आठवत नाही. आवाज येत होता, जमीन थरथरत होती, आयली लेहतो नावाची चौऱ्याऐंशी वर्षांची बाई पहिल्याच गाण्याला उठून नाचायला लागली होती. ऑरेस्ट मनातल्या मनात हिशेब जुळवत होता: बोललो तर गेलो. मी नसलो तर साफ वाटतं, हे मीच डेलच्या हातात लिहून दिल्यासारखं होईल. नाही बोललो तर नवा डबा चांगला आहे. नवा डबा चांगला आहे, असंच राहू दे.

चार वाजता गाणी संपली. डेल स्टेजच्या पायरीवर बसून नोरीनच्या वहीचा कागद मांडीवर घेत होता, तेवढ्यात आयलीबाई हातातली पर्स सावरत आल्या आणि सरळ ऑरेस्टसमोर उभ्या राहिल्या.

"तुला सांगून जाते, पोरा. पुढच्या शनिवारपासून माझं काही खरं नाही."

"का, मिसेस लेहतो? आत्ता तर छान नाचलात."

"काय म्हणतोस?"

"छान नाचलात, म्हटलं," तो मोठ्याने म्हणाला.

"हो, आत्ता. पण आधी बघितलंस ना? बसून होते. कान जवळजवळ जाऊन पंधरा वर्षं झाली. मी जमिनीवरून ऐकते, तळव्यांनी. आज पहिली सहा गाणी तळव्यांना काही म्हणजे काही लागेना. म्हटलं झालं, पायही गेले. मधल्या वेळात लेकीला फोनवर लिहून कळवलं, ती म्हणते त्या वृद्धाश्रमात येते म्हणून. मंगळवारी घर विकत घ्यायला म्हणून बघायला माणूस येतोय." त्यांनी खाली आपल्या बुटांकडे बघितलं. "नंतर पाय आले परत. पण असे येऊन-जाऊन पाय कसल्या कामाचे? एकटीनं राहायचं, जिना चढायचा."

ऑरेस्टने डेलकडे बघितलं. डेल पेन शोधत होता. ऑरेस्टला वाटलं, ही गोष्ट हळू आवाजात सांगता आली असती तर बरं झालं असतं.

"तुमच्या पायांना काही झालं नाही," तो म्हणाला.

"काय?"

"पाय चांगले आहेत तुमचे. मीच नव्हतो."

"तू कुठे गेला होतास? इथेच तर उभा होतास, दिसत होतास मला."

"उभा होतो." मग त्याने श्वास भरून घेतला आणि बसच्या गॅरेजात वापरायचा तो आवाज काढला. "पहिला सगळा भाग माझा आवाज बंद होता. मी चुकून बंद ठेवला होता. सहा गाणी कुणालाही माझा एक सूर ऐकू आला नाही."

हॉलमध्ये नोरीन ट्रे मोजत होती, ती थांबली. सॉसेज जिंकलेले दोन म्हातारे वळून बघू लागले. सिल्व्हिओने अकॉर्डियनचा पट्टा बांधायचा थांबवला.

आयलीबाईंना मात्र एवढंच कळलं. "म्हणजे गेले नाहीत?"

"नाहीत."

"मूर्खा," त्या म्हणाल्या आणि पर्समधून फोन काढून लेकीला लिहीत दाराकडे चालू लागल्या. चाल ठणठणीत होती.

डेलने कागद मांडीवरच ठेवला. "सहाही?"

"सहाही."

"आणि मी म्हटलं साफ वाटतंय."

ऑरेस्ट अ‍ॅम्पची वायर गुंडाळायला लागला. बोलण्यासारखं डेलनेच बोलून टाकलं होतं.

"दुसऱ्यापासून," ड्रममागून टॉइव्हो म्हणाला. टॉइव्हो शनिवारी साधारण चार वाक्यं बोलायचा. त्यातली तीन पार्किंगबद्दल असायची. "दुसऱ्या गाण्यापासून खर्ज नाहीये, हे कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?" डेलने विचारलं.

"विचारलं नाहीस. मला वाटलं, ऑरेस्ट रुसलाय. त्या जागेच्या भानगडीवरून. रुसलेल्याला हटकू नये. मोठ्या ड्रमवर पाय जरा जोरात मारत राहिलो." त्याने पोटरी चोळली. "आता उतरताना धरायला लागेल कुणीतरी."

डेलचा चेहरा हळूहळू तांबडा होत गेला. सत्तावीस वर्षं बँड त्याच्या नावाचा होता, आणि खर्ज गेलेला एका बहिऱ्या बाईला कळला, टॉइव्होला कळला, त्याला कळला नाही. त्याने कागदावर काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि नोरीनला नेऊन दिला.

"ही चार नावं आहेत," नोरीन म्हणाली.

"चार आहेत."

"मी तीन म्हटलं होतं. चौथा उभा कुठे राहणार?"

"मी उतारावर उभा राहीन."

"उतार व्हीलचेअरचा आहे, डेल."

"कुणी आलं तर सरकेन. मला गाताना हालायची सवय आहे."

नोरीनने स्टेजकडे बघितलं, डेलकडे बघितलं आणि वही मिटली. "सोमवारी सुताराला विचारते," ती म्हणाली, आणि ट्रे पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

डेल परत आला. तो ऑरेस्टच्या समोर उभा राहिला, पण बघत होता अ‍ॅम्पकडे. ऑरेस्टला काहीतरी म्हणावंसं वाटत होतं. ते बरंच मोठं होतं, आणि त्याची सुरुवात कुठून करावी ते त्याला सापडत नव्हतं. त्याने डेलच्या खांद्यावर हात ठेवायला म्हणून एक पाऊल पुढे टाकलं.

"ऑरेस्ट," मागून टॉइव्हो म्हणाला, "तुझ्या डाव्या बुटाखाली माझी ड्रमची काठी आलीय. तेवढी दे."